बाई खोलीत असेपर्यंत

"थांबवा," फिलिपा म्हणाली, आणि कॅमेरावाल्याने सातव्यांदा कॅमेरा बंद केला.

एम्ब्रोस पीकॉक स्वतःच्याच स्वयंपाकघरात परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला होता. दोन्ही हात मांड्यांवर, नखं घासून लाल झालेली, गळ्यात चर्चला जातानाचा टाय. बाहेर कुत्रा दाराला नखं मारत होता. एरवी एम्ब्रोसने त्याच्यावर अशी काही तोफ डागली असती की पलीकडच्या खोऱ्यातल्या मेंढ्या बिचकल्या असत्या. आज त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

फिलिपा लंडनहून आली होती. इंग्रजी भाषेचा इतिहास सांगणारी मालिका टेलिव्हिजनसाठी बनत होती आणि तिसऱ्या भागात तिला हे खोरं हवं होतं. हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या लोकांचे शब्द इथल्या मेंढपाळांच्या तोंडात अजून जिवंत आहेत, असं तिने वाचलं होतं. ते शब्द तिला जित्या माणसाकडून ऐकायचे होते, आणि जितं माणूस गेला तासभर वर्तमानपत्र वाचून दाखवल्यासारखं बोलत होतं.

"पूर्वी आम्ही मेंढ्यांची लोकर कात्रीने कातरत असू," एम्ब्रोस पुन्हा म्हणाला. "ते काम अतिशय कष्टाचे होते."

असं म्हणून त्याने चुलीशेजारच्या खुर्चीकडे चोरटा कटाक्ष टाकला. तिथे हेस्टर ऑल्डरसन बाई बसल्या होत्या.

बाईंनी गावच्या शाळेत छत्तीस वर्षं काढली होती. मुलं घरून जे अशुद्ध शब्द घेऊन येत, ते त्या एका वहीत नाव आणि तारीख घालून टिपत आणि मग एकेक करून खुडून काढत. फिलिपाला त्या वहीचा सुगावा लागला होता. सकाळी बाईंच्या घरी पानं उलटताना तिचे डोळे भरून आले होते. हा केवढा खजिना आहे, असं ती तीनदा म्हणाली. बाई वैतागल्या होत्या. ती तण उपटायची यादी होती, आणि ही बया त्या तणाला फुलांचा ताटवा म्हणत होती.

"खेळण्याला तुम्ही लहानपणी काय म्हणायचात?" फिलिपाने विचारलं. कॅमेरा आठव्यांदा सुरू झाला.

"प्लेइंग," एम्ब्रोस म्हणाला.

वहीत त्याच्या नावापुढे, सप्टेंबर १९४८, 'लेइकिंग' असा शब्द होता. तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि त्याने शुद्ध शब्द शंभर वेळा लिहिला होता. बाईंना ते आठवलं. पोर हुशार होतं, म्हणून तर त्याच्यावर जास्त मेहनत. शहरातल्या मोठ्या शाळेची शिष्यवृत्ती मिळवणारा तो गावातला पहिला.

"अरे, सांग ना त्यांना जे हवंय ते," बाई अखेर म्हणाल्या. "नेहमी बोलतोस तसं बोल."

"होय बाई," एम्ब्रोस म्हणाला. "मी नेहमी असेच बोलतो."

फिलिपाने कपाळाला हात लावला. मग ती बाईंजवळ आली आणि फार अदबीने, ओठ दुमडून, त्यांनी थोडा वेळ मोकळ्या हवेत जावं असं सुचवलं. स्वतःच्या विद्यार्थ्याच्या घरातून आपल्याला वर्गाबाहेर काढावं, याचा बाईंना संताप आला. त्यांनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. एम्ब्रोसने उठून दार उघडून धरलं.

अंगणात वारा झोंबत होता. बाई आडोशाला म्हणून खिडकीखाली उभ्या राहिल्या. आधी आतून काहीच ऐकू येईना. मग कोणी तरी हसलं, आणि एक जाड, गडगडता आवाज सुरू झाला. तो एम्ब्रोसचा आहे हे कळायला त्यांना एक क्षण लागला.

सत्तेचाळीस सालच्या बर्फाचं तो सांगत होता. कुरणांचे दगडी गडगे गाडले गेले, मेंढ्या शोधायला बापाने लांब काठी बर्फात कशी खुपसली, एक मेंढी सोळा दिवसांनी स्वतःची लोकर खाऊन जिती निघाली. शब्द एकावर एक आदळत होते. त्यातले कित्येक वहीत नव्हते. बाई भिंतीला टेकल्या.

मग फिलिपाने काही विचारलं. आवाज खाली आला.

"बा गेला तवा मी पंधरा वर्साचा. शहराच्या साळंतनं बलावून घेतलं मला. त्याला दिसत नव्हतं तवा. मी जवळ गेलो न् इचारलं, बाबा, आपल्याला फार वेदना होत आहेत का? तसंच निघालं तोंडातनं. बा आयला म्हणाला, डाकतर आला जनू, त्याला खुर्ची दे." आत खुर्ची करकरली. "आयनं दिली खुर्ची. मी बसलो."

कुत्रा येऊन बाईंच्या पायाशी बसला.

अर्ध्या तासाने दार उघडलं. माणसं पेट्या उचलून गाडीत ठेवू लागली. फिलिपा खुशीत होती. एम्ब्रोस बाईंकडे आला. टाय सोडलेला होता. बाईंना पाहताच त्याचा हात गळ्याकडे गेला.

"संपले, बाई. आपल्याला थंडी वाजली असेल. आत चहा तयार आहे."

बाईंची आई याच खोऱ्यातली, मेंढपाळाची लेक. तिच्या मागे घरात तिच्या बोलीत कोणी बोललं नव्हतं. बाईंनी घसा साफ केला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई थंडी हाय रं."

एम्ब्रोस थबकला. यात फास तर नाही ना, असं वर्गातलं पोर बघतं, तसं त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"थंडी न्हाई, बाई," तो हळूच म्हणाला. "गारठा."

"गारठा."

त्याने नकारार्थी मान हलवली. शब्द तोच, पण उच्चार जमला नव्हता.

बाईंनी पुन्हा म्हटलं.