सगळ्यांना लागू पडलेला जवस

हेडबाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळा सुटली आणि घर सापडलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना सरळ केलं होतं; आता हात रिकामे राहिले, तर त्यांना चैन कशी पडणार? "बाबांकडे आता मी बघते," असं जाहीर करून त्या सामानासकट माहेरी राहायला आल्या. बाबांकडे आजवर कोण बघत होतं, हे विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. बघत होती धाकट्या भावाची बायको.

ही सून चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. दिवसभर फिरत्या चाकावर काच घासून फ्रेमच्या मापाची करायची. जरा जास्त घासली की काच वाया. त्या कामाने तिची जीभही सांभाळून चालायला शिकली होती. धार होती ती सगळी आत, मनात. नणंदेला ती तोंडावर "ताई" म्हणायची. मनात काय म्हणायची ते सांगण्यासारखं नाही.

बाबा म्हणजे सासरे, लिफ्ट दुरुस्त करणारे जुने कारागीर. जिन्यावरून पडून त्यांचा पाय मोडला होता. प्लास्टर निघालं, पण दुखणं थांबवायच्या गोळ्या चालूच होत्या, आणि त्या गोळ्यांनी पोट पार बांधून टाकलं होतं. डॉक्टरांनी त्यासाठी एक औषध दिलं होतं. ते घेतलं की गाडी कशीबशी चालायची. "आयुष्यभर अडकलेल्या लिफ्ट सोडवल्या," ते सुनेला म्हणायचे, "आता माझीच मधल्या मजल्यावर अडकलीय." असल्या गोष्टी ते फक्त तिच्याशीच बोलायचे. मुलाला लाज वाटायची आणि मुलगी व्याख्यान द्यायची.

व्याख्यानाला विषय मिळायला वेळ लागला नाही. सकाळी बागेत फिरणाऱ्या बायकांच्या गटात कुणीतरी जवसाचा महिमा सांगितला आणि हेडबाई घरी परतल्या त्या जवसाचं पोतंच घेऊन. संध्याकाळी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवून त्यांनी फायबर म्हणजे काय ते समजावलं. जवस अख्खा खाल्ला तर जसा आत जातो तसाच बाहेर येतो, म्हणून तो दळायचा. आणि दळून रोजच्या जेवणात घालायचा, म्हणजे वेगळं काही खातोय असं वाटत नाही. सुनेचा नवरा मान डोलावत होता. ताईने शाळेत असताना त्याला कान धरून शिकवलं होतं, त्याची मान अजून तिच्याच हातात होती.

आता खरं सांगायचं तर यात चूक एकही शब्द नव्हता. पण हेडबाईंना बरोबर असणं पुरत नसे, दुसऱ्याला चूक ठरवल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. सुनेचा स्वयंपाक आजवर कसा पोकळ होता, त्यात चोथा म्हणून कसा नव्हता, हे त्यांनी सुनेसमोरच सांगितलं. मग पूड सुपात पडली, भातावर पडली, दह्यात पडली, अंड्यात पडली. सूप असं चिकट झालं, की त्याने भिंतीवर पोस्टर लावता आलं असतं. ऑम्लेट ओल्या पुठ्ठ्यासारखं लागलं. दळणं, मिसळणं आणि चिकटलेली भांडी घासणं अर्थातच सुनेकडे. हेडबाईंकडे फक्त देखरेख. उंटावरून शेळ्या हाकायची त्यांना जुनी सवय होती.

काही दिवस सुनेने निमूटपणे केलं. मग एका संध्याकाळी दुकानातून दमून आल्यावर तिने जवसाच्या पुडीचा डबा उघडला, आत बघितलं, आणि पूड सरळ कचऱ्यात ओतली. शिळा पाव तव्यावर खरपूस भाजला, त्याचा बारीक चुरा केला आणि तो डब्यात भरला. रंग तोच, ठिपके तेच. सुपावर तिने तो अगदी चिमूटभर, दिसण्यापुरता भुरभुरला. सूप पुन्हा सुपासारखं लागू लागलं, तेव्हा हेडबाई म्हणाल्या, "बघा, जिभेला सवय झाली की नाही?"

ताकास तूर न लागू देता सून वाढत राहिली आणि तमाशा बघत राहिली. तमाशा होताही बघण्यासारखा. आठवडाही उलटला नसेल, हेडबाईंचा गुडघा दुखायचा थांबला. मग केस गळायचे थांबले. मग त्यांना झोप गाढ लागू लागली. नवऱ्याने आधी काही सांगितलं नव्हतं, पण ताईने दोनतीनदा विचारल्यावर त्यालाही हलकं हलकं वाटू लागलं. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज वर सूप प्यायला येऊ लागल्या आणि त्यांचा चेहरा उजळला, असं त्यांनीच सांगितलं. शिळ्या पावात इतके गुण असतात हे कुणा बेकरीवाल्याला कळलं असतं तर त्याने माड्या बांधल्या असत्या.

सून रात्री भांडी घासताना हसायची. हेडबाई तर हेडबाईच, पण तो नवरा, त्या काकू! एकेकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कुणी लागलंच नव्हतं, सगळे आपापले चढून बसले होते. एवढी मूर्ख माणसं तिने एका टेबलाभोवती कधी बघितली नव्हती, आणि त्या टेबलावर शहाणं असं एकच माणूस आहे, अशी तिची खात्री पटत चालली होती.

एकट्या बाबांना मात्र काहीच वाटत नव्हतं. हेडबाईंनी त्यांचं औषध बंद केलं होतं, जवस असताना रसायनं कशाला? सुनेला ते कळलं ते उशिरा, औषधांचं कपाट पुसताना. बाटली कुठे गेली म्हणून तिने विचारलं, तर हेडबाई म्हणाल्या, "टाकून दिली. डॉक्टरांना काय, लिहायला पेन आहे." तेव्हाच तिने तोंड उघडायला हवं होतं. पण तोंड उघडलं तर पावाचा चुरा बाहेर पडणार होता. तिने ठरवलं, उद्या गुपचूप नवी बाटली आणू. उद्या दुकानात गर्दी झाली. परवा आणू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं.

बाबा बाथरूममध्ये तासन्‌तास बसू लागले. बाहेर आले की कपाळ घामाने ओलं असायचं. मग त्यांनी जेवण कमी केलं, कारण आत गेलेलं बाहेर कसं येणार याची धास्ती. हेडबाईंनी काकूंच्या देखत त्यांना सुनावलं, की मनापासून खाल्लं नाही तर कशाचाच गुण येत नाही. सगळ्यांना फरक पडतो मग तुम्हालाच कसा नाही? सत्तरी ओलांडलेला माणूस शाळकरी पोरासारखा खाली बघत बसला.

त्या संध्याकाळी सून त्यांच्या खोलीत पाणी ठेवायला गेली. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

"सगळ्यांना लागू पडलं," ते म्हणाले. "माझंच आतलं काहीतरी कायमचं बिघडलं असणार. मुलाला एवढ्यात सांगू नकोस."

इतके दिवस ती ज्यांना हसत होती, त्यांच्या पोटाला काहीच होत नव्हतं. ज्याला होत होतं तो हसण्याच्या हिशोबातच नव्हता.

पहाटे बाबा कळवळू लागले. पोट दगडासारखं झालं होतं. दवाखान्यात त्यांना आत नेलं, एनिमा दिला, आणि बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयाने लहान, चेहऱ्यावर झोप. धोका टळलाय, पण असं अंगावर काढायला नको होतं, म्हणाल्या. मग बाबांना जिथे निजवलं होतं तिथेच सगळ्यांना बोलावून त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं. हेडबाई पुढे सरसावल्या आणि डॉक्टरीणबाईंनाच फायबर शिकवू लागल्या. रोज दोन्ही वेळा जवस, तोही ताजा दळलेला, तरी यांचा कोठा असा, म्हणजे रोग काही वेगळाच असला पाहिजे. फोटो काढा, तपासण्या करा.

बाबांनी डोळे मिटले. ते बघून सुनेला राहवलं नाही.

"त्यांनी जवस खाल्लेलाच नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही. डब्यात मी पावाचा चुरा भरत होते."

नवरा बायकोकडे बघावं की बहिणीकडे, हे न कळून खिडकीकडे बघू लागला. बाप समोर पलंगावर पडला होता, त्याच्या हातात सलाईनची सुई होती, आणि हेडबाईंनी विचारलं काय?

"मग माझा गुडघा?"

डॉक्टरीणबाईंनी खाली बघून काहीतरी लिहायचं नाटक केलं. मग त्या जे बोलायचं ते बाबांशीच बोलल्या. औषध पुन्हा सुरू करायचं. पोट मोकळं झालं की जवसाची पूड घ्यायला हरकत नाही, चांगलीच असते; पण अर्ध्या चमच्याने सुरुवात, वर भरपूर पाणी, आणि गोळ्यांच्या वेळेपासून लांब. ही वाक्यं इतकी साधी होती, की त्यावर कुणाला व्याख्यानही देता आलं नसतं.

बाबांना घेऊन टॅक्सी घरी परतली. सून सरळ बाबांच्या खोलीत गेली आणि माफ करा म्हणाली. तिला वाटलं होतं ते डोक्यावर हात ठेवतील. इतकी वर्षं तिने त्यांचं केलं होतं, तेवढा हक्क आहे असं ती धरून चालली होती.

"ती मला मूर्ख समजते, हे मला ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "तू पण समजतेस, हे आज कळलं. तुम्हा दोघींना एकमेकींना हरवायचं असेल तर खुशाल हरवा. माझ्या पोटावर नको."

एवढं बोलून त्यांनी चादर ओढून घेतली.

पुढे हेडबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं. त्यात तिचं फारसं नुकसान झालं नाही. गुडघ्याने आठवडाभर दुखून पाहिलं, मग काकूंनी मेथीदाण्याचं काही सांगितलं आणि तो पुन्हा बरा झाला. नवरा जे समोर येईल ते खात राहिला. त्याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

बाबा मात्र आता स्वतः स्वयंपाकघरात येऊन बसतात. सून त्यांच्यासमोर जवस भाजते, त्यांच्यासमोर दळते, आणि अर्धा चमचा दह्यात कालवून देते. ते आधी चमच्याच्या टोकाने चिकटपणा तपासतात, मग तोंड वाकडं करत खातात, वर पाण्याचा मोठा ग्लास संपवतात. पोट बरंच सुधारलं आहे. बोलणं अजून तुटक आहे. मधल्या मजल्याचा विनोद त्यांनी नंतर कधी केला नाही, आणि तो करा म्हणून सांगायची सोय तिला राहिलेली नाही.