काचेवरचं कुंकू

डोळे पुरते जायच्या आत लेकीचं काम एकदा बघायचं, एवढं एकच मागणं लवू परबांनी केलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, दिवाळी निघाली तर नशीब. म्हणून अक्षताने दसरा धरला. परळच्या तिच्या प्रयोगशाळेत यंत्रपूजेला घरच्यांना आत सोडायचे.

काम तरी कसलं? नसेत शिरून आतलं दाखवणाऱ्या काचेच्या बारीक धाग्याच्या टोकाला बसवायची भिंगं, केसाच्या जाडीएवढी. रेझिनच्या थेंबात लेझरचा ठिपका फिरवायचा. उजेड लागेल तेवढं घट्ट होतं, बाकीचं धुऊन टाकायचं. बारा भिंगं मनासारखी उतरायला तिचे चार महिने गेले होते. बाबा ऐकून म्हणाले, "धाग्याचोच धंदो मा? मगे आमचोच." जन्मभर गिरणीत सूत कातलेला माणूस, दुसरं काय म्हणणार.

खोलीत पिवळा दिवा होता, कारण पांढऱ्या उजेडात रेझिन नासतं. बाबांना आधीच धूसर दिसायचं, त्यात हा असला उजेड. ती बाराही भिंगं असलेली काच तिने यंत्राशेजारी सूक्ष्मदर्शकाखाली लावून ठेवली होती. बाबांचं बोट धरून तिकडे नेलं आणि म्हणाली, "सगळं काम ह्या काचेवर होतं, बाबा." मग विसरलेला नारळ आणायला बाहेर गेली. अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

परत आली तर बाबा हात जोडून उभे. यंत्राला हळदकुंकू लावलेलं आणि काचेवरही, बरोब्बर मधोमध, अंगठ्याने दाबून. गिरणीत दसऱ्याला आधी सूत कातणाऱ्या चातीला कुंकू लावायचे. जी राबते तिचा मान पहिला.

बारातलं एकही भिंग उरलं नव्हतं. रेझिनही संपलेलं, नवी बाटली दिवाळीनंतर येणार. अक्षताला बाबांवर ओरडावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"दाखव मा आता," बाबा म्हणाले.

तिने त्यांचा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून दिला. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"ह्या तुजा भिंग? तांबडा आसा गो. बरा दिसता."

"हो बाबा," ती म्हणाली. "हेच."

काळाचौकीला घरी पोचेपर्यंत बाबा भेटेल त्याला सांगत होते, लेकीचं भिंग तांबडं असतं, ह्याच डोळ्यांनी बघितलं. मागून येणाऱ्या अक्षताला कोणी खरं का म्हणून विचारलं, की ती मान हलवायची.