एकच वॉशर

बाबांची ती जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार दादाने पहिल्यांदाच तिच्या हातात दिली, तीही तीन गॅरेजांनी हात वर केल्यावर. "स्टिअरिंगचं तेल गळतंय. जमलं तर बघ," एवढंच म्हणाला. धाकटी बहीण मेकॅनिक आहे हे सांगताना ज्याची जीभ अडखळते, तो याहून गोड काय बोलणार!

तिने स्टिअरिंगच्या पंपाचा कुजलेला होज, म्हणजे तेलाचा रबरी पाइप, बदलला, नवं तेल भरलं, स्टिअरिंग फिरवून पाहिलं. थेंबही गळला नाही. दादा लेकीला शेजारी बसवून घाटाकडे निघून गेला.

गाडी सोडण्याआधी ती काढलेले जुने भाग मोजते, ही तिची रोजची शिस्त. आज दादा हॉर्न बडवत होता आणि तिलाही त्याच्यापुढे रुबाबात किल्ली ठेवायची होती. म्हणून मोजदाद राहिली ती आता झाली. ताटलीत जुना होज होता, पण तांब्याचा वॉशर एकच. निघायला हवे होते दोन. म्हणजे दुसरा पंपालाच चिकटून राहिला आणि तिने नवा त्याच्यावरच बसवला!

एकावर एक दोन वॉशर आले की जोड घट्ट बसत नाही. सपाटीवर हे निभावेल, पण घाटात स्टिअरिंग पूर्ण वळवलं की दाब वाढणार आणि तेल थेट तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर उडणार. गाडी पेटायला तेवढं पुरे होतं.

तिने दादाला फोन लावला. त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिने भाचीला लावला.

"आत्या, बाबा म्हणतायत आत्ता कटकट नको."

"स्पीकरवर टाक. दादा, गाडी थांबव!"

"का? मस्त वळतेय की. दोन वळणं झालीसुद्धा."

नवा पार्टच खराब निघाला, ही थाप तिच्या ओठांवर आली होती. पण तेवढ्यावर तो थांबला नसता.

"माझी चूक झालीय. जुना वॉशर आत राहिलाय. तेल सायलेन्सरवर पडलं तर गाडी पेटेल. पोरीला घेऊन लांब हो."

फोन बंद झाला. तिने मोटारसायकल काढली आणि वाटभर स्वतःला नाही नाही ते बोलत, प्रत्येक वळणावर धूर शोधत राहिली.

तिसऱ्या वळणापुढे गाडी कडेला उभी होती. बॉनेट उघडं, पाइपवरून पांढरा धूर निघत होता. भाची लांब कठड्यावर पाय हलवत बसलेली दिसली तेव्हा कुठे आत्याचा जीव भांड्यात पडला.

"बोल काय बोलायचंय ते," ती दादाला म्हणाली.

"तुझ्या जागी मी असतो तर चूक कबूल केली नसती," तो म्हणाला.

पाइप गार झाल्यावर तिने पाना उचलला. हात इतका थरथरत होता की पाना बोल्टवर बसेना.

"दुसऱ्या कुणाला बोलावू का?" तिने विचारलं.

"नको," दादा लेकीशेजारी कठड्यावर बसत म्हणाला. "तुझा हात स्थिर होऊ दे. आम्ही थांबतो."