मोहाच्या दिवसांत पुसलेली सहा खाती

माझ्या पेटीत दोन डिस्क आहेत, चार पंखे आहेत, त्यांपैकी तीन फिरतात, आणि एक्केचाळीस विद्यार्थ्यांची खाती आहेत. मित्रांनो, मी नागभीडच्या एका संगणक केंद्रातला जुना सर्व्हर. उमेदीची वर्षं मी चंद्रपूरच्या एका कार्यालयात काढली. तिथे लोक माझ्या खोलीत चपला काढून येत. मग नवा सर्व्हर आला आणि मी तांदळाच्या पोत्यांबरोबर टेम्पोतून इथे पोचलो.

इथे माझी देखभाल दिव्यानीताई करते. तिला या जागेवर कायम व्हायचं तर सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि त्या परीक्षेत प्रोग्रॅमिंगचा एक पेपर होता. तिथेच तिचं अडलं होतं. केंद्र चालवणारे धनराजभाऊ तिची बाजू घेत. "गिरणी चालवणाऱ्याले गिरणी बनवता याव लागते काय?" ते विचारत. ताईलाही ते पटे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या डिस्कवरची जागा भरत आली. ताईने इंटरनेटवरून न वापरलेली खाती साफ करणारा एक तयार प्रोग्रॅम उतरवला आणि चालवला. पंधरा दिवस न उघडलेलं खातं पुसायचं, अशी त्यात एक ओळ होती. मी ती पाळली. मला दुसरं काही करता येत नाही.

पण ते मोहफुलांचे दिवस होते. जंगलाकडची सहा मुलं घरच्यांबरोबर फुलं वेचायला गावी गेली होती. त्यांतल्या मंगलीने गावच्या मोहाच्या झाडांचा नकाशा माझ्यात ठेवला होता. कोणतं झाड कोणत्या घराने वेचायचं, हेही त्यात होतं.

परत आल्यावर तिने आपलं खातं शोधलं, तर ते नव्हतंच. ती म्हणाली, "ताई, माहे झाडं कुठी गेले?"

ताईने आधी दोष विजेवर ढकलला. मग तो प्रोग्रॅम उघडून एकेका ओळीचा अर्थ लावत बसली. दुपार त्यातच गेली.

"मी चालवला, पण वाचला नाई," ती म्हणाली.

"आमच्या इकडं झाड तोडाच्या आधी कोनाचं आहे ते इचारतेत," मंगली म्हणाली.

धनराजभाऊंनी गिरणीचा विषय पुन्हा काढला नाही.

माझ्यातल्या माहितीची शेवटची राखीव प्रत संक्रांतीला काढलेली होती. एकशे बारा झाडांपैकी सत्तर तिच्यातून परत मिळाली. उरलेली मंगलीने आठवून पुन्हा भरली. ताई शेजारी बसून प्रोग्रॅमिंग शिकत होती. 'पुसा'च्या जागी तिने 'बाजूला ठेवा' असा आदेश स्वतः लिहिला. पेपरात तिला पन्नासपैकी एकतीस गुण मिळाले. तीस लागत होते.

मित्रांनो, माझा चौथा पंखा बंद असला तरी चालेल. मला आदेश देण्याआधी तो एकदा वाचा.

यंदाच्या मोहाच्या दिवसांत सात खाती पंधरा दिवसांहून जास्त बंद होती. पुसली गेलेली खाती : शून्य.