पुठ्ठ्याची बदाम दश्शी

मित्रांनो, मी पत्त्यांतली एक जुनी बदाम दश्शी आहे. पण छापलेली नव्हे, पुठ्ठ्याची. मूळची दश्शी तात्यारावांच्या शेळीने खाल्ली. दुष्काळात तिला दुसरे मिळणार तरी काय! मग आबाराव मास्तरांनी बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, तांबड्या शाईने दहा बदाम काढले आणि मला कॅटात बसवले. दोन बदाम वाकडे आले, तरी बेंबळी गावच्या पारावर माझे फार कौतुक झाले.

खोट एकच होती. बाकीच्यांची पाठ निळी, माझी खाकी. मी कोणाकडे गेले हे लगेच दिसे. म्हणून पत्ते उचलताना सगळ्यांनी मान खाली घालायची आणि मग मला मागे लपवायचे, असा रिवाज पडला.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आठ घरांच्या सामाईक विहिरीत एकाच घराच्या कडवळापुरते पाणी उरले. ते वाटले असते, तर कोणाचाच हिरवा चारा जगला नसता. तात्याराव म्हणाले, "भांडू नका. तीन पानांची तिरट खेळा. दर घराला वीस चिंचोके. शेवटी ज्याच्याकडं सगळे, त्याचं पाणी."

दुपारपर्यंत आठांपैकी मच्छिंद्र आणि सिद्रामप्पा दोघेच उरले. ढीग अगदी सारखे होते. मच्छिंद्रकडे मी, इस्पिकची दश्शी आणि चौकटची चौकी आलो. एवढ्यात सिद्रामप्पाने सगळे चिंचोके पुढे सारले.

"सगळं लावलं बग. येतूस का टाकतूस?"

मच्छिंद्रचा अंगठा घामाने भिजला. माझी शाई त्याला लागली. मलाही भीती वाटत होती, कारण सिद्रामप्पाने मान खाली घातलीच नव्हती. त्याने माझी पाठ पाहिली होती.

मागून भिमाबाई, मच्छिंद्रची बायको, हळूच म्हणाली, "अवं, टाका पत्ते. उरलेल्यावर खेळता यील."

"त्यानं दश्शी बगितलीया. एकलीच हाय असं धरून चाललाय."

"आन तीन राजं असलं तर? गाय इकावी लागंल."

मच्छिंद्रने डोळे मिटले आणि सगळे चिंचोके पुढे ढकलले. "शो," तो म्हणाला.

सिद्रामप्पाकडे नव्व्यांची जोडी होती. आमची दश्श्यांची. "हिरीवरचं इंजन उद्या तुज्याकडं," एवढे बोलून सिद्रामप्पा उठला.

त्यानंतर मला कोणी खेळात घेतले नाही. मी मच्छिंद्रच्या बंडीच्या खिशात राहू लागले. आठवड्याने सिद्रामप्पा आपले बैल विकायला बाजाराला घेऊन निघाला. वाट मच्छिंद्रच्या हिरव्या कडवळाशेजारून होती. एक बैल तिथे थांबला आणि काही केल्या हलेना. सिद्रामप्पाने त्याला मारले नाही. नुसता कासरा धरून उभा राहिला.

मित्रांनो, पत्ते जरूर खेळा. पण ज्यावर कोणाची जनावरे जगणार, ते पाणी आमच्यावर लावू नका. मच्छिंद्र जिंकला होता. तरी बैल दिसेनासे होईपर्यंत तो बांधावर मान खाली घालून उभा होता.