दोन फुल्या

लॅचीचं पत्र ब्रह्मदेशातून ग्लासगोला पोचायला पाच आठवडे लागले. ते वाचून एफी रेनीचं डोकं फिरायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"आई," पोराने लिहिलं होतं, "माझं मत माझ्या वतीने तू टाकायचं आहेस, तसा कागद सरकारकडून तुला आला असेल. फुली मजूर पक्षासमोर मार. आमच्या तुकडीत सगळ्यांचं तेच ठरलंय. लढून परत आल्यावर मला पुन्हा जिन्यातल्या संडासापुढे रांग लावायची नाही. बाबांना आवडलं नसतं, माहीत आहे. तरी एवढं करशील ना?"

बाबांना आवडलं नसतं म्हणे! ह्यू रेनी जहाजाच्या कारखान्यात मुकादम होता आणि जन्मभर युनियनिस्ट पक्षाचा, म्हणजे तिकडच्या हुजूर पक्षाचा. राजा, साम्राज्य आणि प्रॉटेस्टंट धर्म, तिन्हींची राखण आपल्यावाचून अडली आहे असा त्याचा तोरा. मजूर पक्ष म्हणजे वरच्या मजल्यावरच्या आयरिश कॅथलिकांचा, हे त्याचं ठाम मत. तो जाऊन सहा वर्षं झाली तरी चुलीवरच्या फळीवरून त्याचा फोटो घरावर नजर ठेवून होता.

एफीने मनाशी ठरवून टाकलं, दोन्ही मतं ह्यूच्याच पक्षाला. पोरगं तिकडे दूर आणि मतपेटीला कुलूप. कळणार कुणाला?

मतदानाच्या सकाळी ती जिना धूत होती. जिना धुण्याच्या पाळीची पाटी त्या आठवड्यात तिच्या दाराला होती. वरच्या मजल्यावरची आयरिश बेला क्विगली उतरली.

"पाय जपून टाक गं, आत्ताच पुसलंय."

"टाकते, टाकते. राजवाड्यातच आलेय जशी!" बेला कोरड्या पायरीवर बसली. "तुझी चैन आहे बाई, दोन-दोन मतं. लॅचीने काय लिहिलंय?"

"ते माझं आणि माझ्या लेकाचं."

"म्हणजे आमच्याच बाजूचं लिहिलंय!"

"ज्या आमच्या पंतप्रधानाने लढाई जिंकून दिली त्याला घरी बसवायचं? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

"लढाई लॅचीनेही जिंकून दिली की. त्याचं नको का ऐकायला?"

एफीने फडकं पिळलं. वीस वर्षं या दोघींमध्ये पाळीच्या पाटीपलीकडे व्यवहार नव्हता, ह्यूला खपत नसे. मग एक्केचाळीस साली बॉम्ब पडले, दोन रात्री याच जिन्याखाली दोघी एका घोंगडीत बसल्या, आणि ती घोंगडी बेलाची होती. तेव्हापासून भांडण्याइतकी ओळख झाली होती.

शाळेत मतदानाला ही रांग. टेबलामागच्या चष्मेवाल्या गृहस्थाने यादी तपासून दोन कागद पुढे केले.

"हा तुमचा. हा लॅचलन रेनीचा. आत एकटीनेच जायचं, बाई."

लेकाचं पूर्ण नाव परक्याच्या तोंडून ऐकून तिने तोच कागद आधी उचलला. आत दोरीला बांधलेली पेन्सिल होती. अठरा साली, ते पहिलं युद्ध संपलं आणि तिशी ओलांडलेल्या बायकांना मत मिळालं, तेव्हाही अशीच पेन्सिल होती. ह्यू दाराबाहेर उभा होता. "वरून दुसरं नाव," त्याने बजावलं होतं, आणि घरी येईपर्यंत तीनदा विचारलं होतं, "मारलीस ना?" पुढे दर निवडणुकीला तेच. त्याच्यामागे ही पहिलीच निवडणूक.

ती हातातल्या कागदांकडे बघत राहिली. एक लेकाचा, एक नवऱ्याचा. मग आपला कुठला?

लेकाने निदान पत्र लिहून मागितलं होतं. ह्यूने कधी मागितलं नाही, धरूनच चालला. तिने लॅचीच्या कागदावर त्याने सांगितलेल्या नावासमोर फुली मारली. त्याला फसवायचं आपल्या मनात आलं होतं याची तिला शरम वाटली.

दुसऱ्या कागदाला वेळ लागला. तिला आपली लेक नॅन आठवली. तापाने फणफणलेली सहा वर्षांची पोर, तिला कडेवर घेऊन हिवाळ्यात तो थंडगार जिना उतरायचा, तीन बिऱ्हाडांच्या एका संडासापुढे उभं राहायचं. "आपल्यासारख्यांचं असंच चालायचं," ह्यू म्हणायचा. नॅन गेली तेव्हाही तेच म्हणाला. आणि एफीने मान डोलावली होती.

पाठीमागे कुणीतरी खाकरलं. एफीने पेन्सिल टेकवली. दोन्ही फुल्या एकाच नावासमोर पडल्या, पण दुसरी मारताना तिने लेकाचंही ऐकलं नव्हतं.

घरी येते तर बेला पायरीवर वाट बघत बसलेली. "काय गं, कुणाला?"

"एकटीनेच जायचं असतं आत," एफी म्हणाली. "ऊठ, पायरी मळवलीस."

मग टेबलाशी बसून तिने लिहिलं, "लॅची, तुझं मत तू सांगितलंस तिथेच पडलं. माझं कुठे पडलं ते विचारू नकोस. तुझे बाबा विचारायचे आणि मी सांगायची. आता ते बंद."