पेरांच्या खुणा

कामिया नदीकाठच्या सरकारी कागदखान्यात हातोमे रद्दी निवडायची. राजधानीतल्या कचेऱ्यांमधून जुन्या कागदांची गाठोडी यायची. ती सोडायची, तेलकट कागद वेगळे काढायचे, लाखेचे डाग कातरून टाकायचे आणि उरलेला ढीग भिजत घालायचा. पुढे तो राखेच्या पाण्यात शिजे, मोगरीखाली कुटला जाई आणि हौदातून नवा कागद होऊन वर येई. शाई काही पुरती जात नसे, त्यामुळे हा कागद पावसाळी ढगासारखा करडाच राही. कचेऱ्या त्यावर पुन्हा लिहीत. मोठ्या घराण्यात कुणी वारलं, तर त्या माणसाची पत्रं इथे येत. त्यांचाच कागद करून त्यावर मृतासाठी पोथी लिहवून घ्यायची, अशी त्या लोकांची रीत होती.

एके काळी हातोमे स्वतः हौदावर उभी राहायची. तिच्या हातचा कागद उजेडात धरला तर कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. पण अकरा वर्षांपूर्वी उत्तरेच्या मुत्सु प्रांतावर नवे सुभेदार निघाले आणि त्यांचं सामान वाहायला कागदखान्यातून एक माणूस मागितला गेला. तिचा नवरा इनुमारू गेला. पुढच्या वसंतात निरोप आला की हमाल वाटेत पळाला. इनुमारूसाठी जामीन राहिला होता कागदखान्याचा मुकादम कुनिहिरा. बदली माणूस म्हणून त्याला आपला धाकटा भाऊ पाठवावा लागला. भाऊ परत आला तो बर्फात पाय गमावून, काठीच्या आधाराने.

"पळपुट्याच्या बायकोचा हात सरकारी कागदाला नको," असं म्हणून कुनिहिराने तिला हौदावरून उठवून रद्दीत बसवलं. ती जाऊन बसली. पदरात सहा वर्षांची पोर होती, आणि रद्दीतल्या माणसालाही बाजरीची पेज मिळतच होती.

हातोमेला वाचता येत नव्हतं. पण एक गोष्ट तिला कळत होती. लिहिता न येणारा माणूस कागदावर तर्जनी आडवी ठेवी आणि लिहिणारा तिच्या टोकाशी, दोन्ही पेरांशी आणि बुडाशी शाईची एकेक खूण करी. तीच त्या माणसाची सही. चार खुणा. इनुमारूच्या डाव्या तर्जनीचं टोक कागदासाठी झाडाची साल तोडताना कोयत्याखाली गेलं होतं. त्याची सही तीनच खुणांची होती, आणि आखूड. अकरा वर्षांत असा एकही कागद तिने नीट पाहिल्याशिवाय पाण्यात टाकला नव्हता. का पाहते, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीलाही नाही.

त्या शरदात कचेरीचा म्हातारा कारकून अरिसुके सहा गाठोडी घेऊन आला. ओसरीवर बसून तो पावती लिहीत होता. हातोमेने तिसरं गाठोडं सोडलं, वरचे कागद बाजूला केले आणि तिचा हात थांबला. कागदाच्या कडेला तीन खुणा होत्या. तिने आपलं बोट त्यांच्याशेजारी ठेवलं. तिच्या बोटापेक्षा ते माप अर्ध्या पेराने आखूड होतं. जितकं असायला हवं होतं तितकंच.

ती कागद घेऊन अरिसुकेपुढे गेली.

"कारकूनसाहेब, एवढं वाचता?"

"रद्दी आहे गं ती. रद्दीत काय वाचायचं?"

"नाव काय आहे तेवढं तरी सांगा."

अरिसुकेने कागद डोळ्यांजवळ धरला. "इनुमारू. कामिया कागदखान्याचा…" तो थबकला. "तुझा कोण?"

"नवरा."

पुन्हा काही न विचारता तो हळूहळू वाचू लागला.

"कामिया कागदखान्याचा हमाल इनुमारू विनंती करतो की, नदी उतरताना ओझ्याखाली माझा पाय मोडला, म्हणून तांडा मला सोडून पुढे गेला. मी पळालो नाही. दोन वर्षं इथे लाकूड तोडून राहिलो. आता चालता येतं. घरी बायको आहे. मुलगी आता आठ वर्षांची झाली असेल. परतीच्या तांड्याबरोबर मला घरी जाऊ द्यावं."

"पुढे?"

"पुढे दुसऱ्या हाताचं लिहिलेलं आहे." अरिसुकेने बोट खाली सरकवलं. "विनंतीला उत्तर पाठवण्यापूर्वी मेला. नववा महिना, बारावा दिवस."

हातोमे खाली बसली. नदीवर बायका साल धूत होत्या. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, पण शब्द लागत नव्हते. तिने विचारलं, "किती वर्षं झाली?"

"नऊ."

"मग हा कागद इतकी वर्षं होता कुठे?"

"कपाटात असेल. असे पुष्कळ असतात, बाई." त्याने मान खाली घातली. "कायद्याने हा परत पाण्यातच जायला हवा. पण गाठोड्यात किती होते ते मी मोजलेलं नाही. तू ठेवलास तर मला माहीत नाही."

तिची लेक त्सुरुमे मोगरी टाकून धावत आली, तोवर मागे कुनिहिराही येऊन उभा होता. त्याने कामाच्या वेळी कोण बसलंय म्हणून रागवायला तोंड उघडलं होतं, पण हातोमेचा चेहरा पाहून तो अरिसुकेकडे वळला.

"काय आहे?"

अरिसुकेने पुन्हा सगळं वाचलं. कुनिहिराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "परत वाचा. 'पळालो नाही' तिथून." ते ऐकून झाल्यावर तो हातोमेकडे वळला.

"माझ्या भावाचा पाय ह्याने घेतला, असं मी रोज म्हणत आलो," तो म्हणाला. "तुझ्या देखत म्हणत आलो."

"हो," हातोमे म्हणाली.

"मुकादम, सगळ्या कागदखान्यापुढे हे वाचून घ्या," त्सुरुमे म्हणाली. "माझं लग्न मोडलं तेव्हा इथल्याच लोकांनी हेच तोंडावर फेकलं होतं, पळपुट्याची पोर म्हणून. त्यांनाही ऐकू दे."

"घेतो. संध्याकाळी सगळ्यांना थांबवतो." मग तो हातोमेला म्हणाला, "कागद घरी ने. कचेरीत मी सांगणार नाही."

हातोमेने मान हलवली. "मला त्याचा कागद करायचाय. मोठ्या घरची माणसं करतात तसा. त्यावर पोथीतलं काहीतरी लिहवून घेईन."

"आई, वेड लागलंय का?" त्सुरुमे म्हणाली. "एवढा एकच तर आहे. बाबांच्या बोटाची खूण आहे त्याच्यावर."

"आहे ना. ये, तुझं बोट ठेव तिथे."

त्सुरुमेने तर्जनी ठेवली आणि तिला रडू फुटलं. हातोमेने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "हा घरात ठेवला ना बाळा, तर तो घरातही विनंतीच करत बसेल. घरी जाऊ द्या, घरी जाऊ द्या. नऊ वर्षं तेच म्हणतोय. पुरे झालं आता त्याचं."

त्सुरुमेने डोळे पुसले. तिने कागदाची दुसरी बाजू धरली आणि दोघींनी मिळून तो फाडला.

संध्याकाळी सगळे हौदांपाशी थांबले. कागद तर भिजत पडला होता, म्हणून अरिसुकेने आठवेल तसं सांगितलं आणि कुनिहिराने 'मी पळालो नाही' हे स्वतःच्या तोंडाने दोनदा म्हटलं. त्याचा लंगडा भाऊ काठीवर रेलून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "मी त्याच वाटेने गेलो होतो. कदाचित जवळून गेलो असेन त्याच्या." आणि तो घराकडे वळला.

शिजवून कुटल्यावर एका कागदाचा लगदा तो केवढा, ओंजळभर. कुनिहिराने एक लहान लाकडी कुंड धुऊन आणलं, नव्या सालीचा थोडा लगदा त्यात घातला, नाहीतर पान धरलं नसतं, लगदा सारखा पसरावा म्हणून चिकट मुळाचा रस पिळला आणि बांबूच्या काड्यांची चाळण हातोमेच्या हातात दिली. अकरा वर्षांनी तिने ती धरली. पहिलं पान उचलतानाच फाटलं. तिने ते पाण्यात परत सोडलं. दुसरं एका बाजूला जाड झालं. तेही सोडलं.

"घाई करू नको," कुनिहिरा म्हणाला.

"घाई नाही. हात विसरलेत."

तिसऱ्यांदा पाणी चाळणीवर पसरलं, मागे गेलं, पुढे आलं आणि बसलं. तिने ते फळीवर उतरवलं आणि वाळेपर्यंत त्याच्यापाशी बसून राहिली. पान करडं होतं. एका कोपऱ्यात काळसर झाक होती, शाई न विरघळल्याची.

डोंगराखालच्या देवळातल्या भिक्खूने त्यावर पोथीतल्या आठ ओळी लिहिल्या. लिहून झाल्यावर त्याने विचारलं, "कोणत्या दिवशी गेला? त्या दिवशी नाव घेत जाईन."

इतकी वर्षं कुणी विचारलं तर सांगायला तिच्याकडे दिवसच नव्हता. "नववा महिना, बारावा दिवस," ती म्हणाली, आणि चुकू नये म्हणून पुन्हा एकदा म्हणाली.

पुढच्या वसंतात कुनिहिराने तिला हौदावर बोलावलं. ती सकाळभर हौदावर उभी राहू लागली, पण दुपारी रद्दीत जाऊन बसण्याचं तिने सोडलं नाही. कारण आता तिथे ती एकटी नव्हती. हातोमेची गोष्ट ऐकून नदीपलीकडच्या वस्तीतून एक म्हातारी आली होती, तिचा मुलगा पश्चिमेला तटबंदीच्या कामावर गेला होता. मग दोन बहिणी आल्या. त्यांचा बाप कुठे गेला, हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं. त्या गाठोडी सोडायला मदत करत आणि खुणा दिसल्या की कागद उजेडाकडे धरत.

"माझ्या पोराची बोटं लांब होती," म्हातारी म्हणाली. "पण असं कितीतरी जणांचं असेल गं."

"असू दे," हातोमे म्हणाली, आणि तिने सरकून तिला उजेडाची जागा दिली. "लांब बोटांचे तेवढे कागद बाजूला काढू. अरिसुके आला की वाचून घेऊ."